यंदा तोंड कुठं

एप्रिलात, द्राक्षांची खरडछाटणी उरकली की पप्पांचा फोन येतो :
"रविवारी ये. दोन दणकट पोरं आण.
ट्रेलर फिरवायचाय."

फिरवायचा म्हणजे फिरायला न्यायचा नव्हे.
जागच्या जागी. नुसतं तोंड.

गिरणाऱ्याच्या पुढं, थेट्यांच्या बागेच्या कडेला
तीन जांभळं आहेत, त्यांच्या मधोमध तो उभा,
आठ वर्षं,
आसाखाली विटा, चाकं जमिनीपासून चार बोटं वर,
ओढायच्या दांड्यावर आईची ओली फडकी.

पत्रा ओझरच्या माणसानं मारलाय हे लगेच कळतं,
रिव्हेटांची ओळ दोरी लावल्यासारखी.
छत्तीस वर्षं पप्पांनी विमानांचे पंख सांधले
आणि विमानात चढले एकदा,
उभ्या विमानात, हँगरमध्ये,
हरवलेला एक बोल्ट शोधायला.

कन्याकुमारीसाठी साठवलेल्या पैशांचा फ्रिज आला.
दार्जिलिंगचे पैसे माझ्या डिप्लोमात गेले,
हे मला कुणी सांगितलं नाही,
पासबुकात सापडलं.

मग निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात
अंबडच्या भंगारवाल्याकडून हा सांगाडा.
थेट्यांचा ट्रॅक्टर पुढं, हा मागं,
आणि आत बसू नका असं सगळ्यांनी बजावूनही
आत आई.
गंगापूर रोडभर खिडकीतून हात हलवत होती,
भाजीवाल्यांना, शाळेच्या बसला,
कुणाला म्हणून नाही.
तेवढाच त्याचा प्रवास.

इंदिरानगरच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, कूलर आहे.
इथं दुपारी पत्र्यावर ओली पोती टाकावी लागतात,
पाणी ड्रमात, ड्रम सावलीत,
सावली सरकते तसा ड्रमही सरकवायचा.
मी थर्मामीटर आणून दाखवला : घरापेक्षा दोन अंश जास्त.
आई म्हणाली, "असेल."
आणि त्याच्या खुंटीला गाळणी अडकवली.

रात्री मात्र पत्रा निवताना टक् टक् वाजतो.
ती दोघं बाहेर, लोखंडी खाटांवर.
कश्यपी धरणाकडून वारा सुटतो,
पप्पा झोपेत घोरतात, आई जागी असते.
चाळीसेक दिवस असं.
शाळा उघडायच्या आठवड्यात ती परत येतात,
शाळेत जाणारं घरात कुणी नसलं तरी.

तर रविवारी आम्ही पाच जण.
जॅक लावला, विटा काढल्या,
चाकं वर्षानं जमिनीला टेकली.
थेटे बांधावरून ओरडले,
"गायधनी साहेब, या खेपेला कुठं?"
गेल्या साली तोंड हरसूल रस्त्याकडं होतं,
त्याआधी अंजनेरीकडं.
पप्पांनी आईकडं पाहिलं.
आईनं पदर खोचला, हनुवटीनं उत्तर दाखवली.

ढकलला. जांभळाची एक फांदी मोडली,
माझी पाठ धरली, पप्पांनी दोन शिव्या हासडल्या,
आईसमोर, बहुधा पहिल्यांदाच.

मग ती आत गेली. पुढची खिडकी उघडली.
समोर रिकामे क्रेट, बोअरची मोटर,
थेट्यांचं बांधलेलं वासरू,
त्यापलीकडं उन्हात विरलेली डोंगरांची रेघ.
ती बघत राहिली आणि म्हणाली,
"शून्य सात तीन एक."
"काय?"
"इंदूर."

तेव्हा आठवलं, टेलिफोन एक्स्चेंजमधली एकोणतीस वर्षं.
सगळी गावं तिला आकड्यांनी पाठ,
सगळीकडं तिनं कुणाला ना कुणाला जोडून दिलेलं.
गेल्या साली ती शून्य दोन सहा एक म्हणाली असेल,
सुरत,
आणि आम्ही ऐकलं नसेल.

"अगं, मधे वणीचे डोंगर आहेत," पप्पा म्हणाले.
"मग वळसा घालू," म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवलं.

पोरांनी जॅक चढवला. चाकं पुन्हा चार बोटं वर.
"साहेब, विटा लावू ना परत?"
"लाव," पप्पा म्हणाले.
उकिडवे बसले, टायर अंगठ्यानं दाबून बघितला.
"आणि पंप आण गाडीतला.
डावीकडच्यात हवा कमी आहे."